अर्धं पाऊल मागे

३ मार्च, मंगळवार

मला डायरी लिहायची सवय नाही. आमच्या केंद्रातले फिजिओथेरपिस्ट (पेशंट त्यांना मास्तर म्हणतात, म्हणून मीही) आज म्हणाले, "मॅडम, डोक्यात फिरतंय ते कागदावर उतरवा, नाहीतर पुढच्या महिन्यात तुमच्या नावाचा केसपेपर काढावा लागेल." ते हसले. मला हसू आलं नाही.

बाबा आज दवाखान्यातून सुटून माझ्याकडे आले. खुबा मोडला, त्यात सळई घातली, जखम भरली. आता उरलं चालणं. ते येण्याआधी मी घरातल्या सतरंज्या गुंडाळल्या, टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज चिकटवला, न्हाणीघरात रबरी चटई टाकली. बाबांनी दारातूनच सगळीकडे नजर फिरवली आणि विचारलं, "कुणाचं बाळ येणार आहे का राहायला?"

संध्याकाळी दादाचा फोन आला. तो दुसऱ्या गावाहून सूत्रं हलवतो. किल्लीवाल्याच्या दुकानावरच्या बाबांच्या दोन खोल्यांसाठी त्यानं एक जोडपं भाडेकरू म्हणून बघून ठेवलंय. बाबांना अर्थातच तिथंच परत जायचंय, एकट्यानं. बाहेरून चढणारा तो लोखंडी जिना, ज्यावरून ओल्या चपलेनं ते घसरले, त्याचं नाव काढलं तरी मी विषय बदलते. बरीच वादावादी झाली. शेवटी ठरलं ते असं की महिनाअखेरपर्यंत मी आमच्या केंद्रात बाबांची चाल मोजायची, तेच तर माझं काम. आलेख सुधारला तर बाबा घरी. नाही सुधारला तर खोल्या भाड्यानं आणि बाबा कायमचे माझ्याकडे. बाबांनी पटकन होकार दिला. जन्मभर विजेच्या खांबांवर चढलेला लाइनमन तो. म्हणाले, "मीटरवर माझा विश्वास आहे. मीटर खोटं बोलत नाही."

म्हणजे निर्णय माझ्या गळ्यात पडला. दोघांनीही हात झटकले.

५ मार्च, गुरुवार

पहिलं मोजमाप झालं. माझं काम घरच्यांना समजावताना मी नेहमी गोंधळते, पण बाबांना आज नीट सांगता आलं. गुडघ्याला पट्टा बांधायचा. आलेखावर आडव्या रेषेत गुडघा किती वाकलाय ते, उभ्या रेषेत तो किती वेगानं वाकतोय ते. दोन्ही मिळून एक ठिपका. माणूस चालायला लागला की ठिपका फिरतो आणि एका पावलाला एक कडं पूर्ण होतं. याला आम्ही फेज पोर्ट्रेट म्हणतो. वेळ कुठंच दिसत नाही, दिसतो तो नुसता स्वभाव. निरोगी चालीची कडी एकावर एक बसतात. ठेच लागली तर ठिपका कड्याबाहेर फेकला जातो आणि एखाद-दोन पावलांत आपोआप परत येतो. आपण पडत नाही ते अडखळत नाही म्हणून नव्हे, परत येतो म्हणून. पण फार लांब फेकला गेला तर परत येत नाही. ती हद्द प्रत्येकाची वेगळी.

बाबांची कडी म्हणजे मांजरानं खेळलेला लोकरीचा गुंडा. ते चालत होते आणि मी अर्धं पाऊल मागे, हात त्यांच्या कोपराजवळ धरून, न टेकवता. अर्ध्या वाटेवर ते थबकले तेव्हा मी म्हटलं, पुढे बघा.

आलेख बघून बाबा म्हणाले, "हे तारेसारखं आहे. वारा आला की तार झोके घेते, वारा पडला की जागेवर. मग आधी वारा किती ते नको का बघायला?" मी म्हटलं, बाबा, बंद कॉरिडॉर आहे, इथे कसला वारा. ते म्हणाले, "तेही खरं."

९ मार्च, सोमवार

अक्कलदाढ काढली. उशिरा का होईना, अक्कल गेली, असं बाबा म्हणाले. मी दातांच्या डॉक्टरकडे असताना मोजमाप मास्तरांनीच घेतलं. गाल सुजवून परत आले, तर आलेख पाहून थक्क. कडी एकावर एक, तरण्या माणसाची असावीत तशी. मास्तर म्हणाले, "रेघा सुंदर आल्यात मॅडम."

सुंदर आल्यात म्हणूनच शंका आली. चार दिवसांत एवढा फरक पडत नाही, शरीर असं वागत नाही. पट्टा सैल बांधला असणार. सैल पट्टा लहान धक्के गिळून टाकतो, हे मी स्वतः दोनदा पाहिलंय. मी ते मोजमाप बाजूला काढलं आणि पुढे शेरा मारला: पट्टा सैल, ग्राह्य नाही. मास्तर नुसता चष्मा पुसत राहिले. त्यांना वाईट वाटलं असेल, पण बाबांच्या हाडांशी खेळ नको. आधीच चांगली बातमी ऐकायला मी इतकी आसुसले आहे की स्वतःवरच जास्त कडक राहायला हवं.

१४ मार्च, शनिवार

आज जीव थोडक्यात वाचला. मी आत कपडे वाळत घालत होते. बाल्कनीतून शीळ ऐकू आली. बाबा मजेत असले की शीळ घालतात, इथे आल्यापासून पहिल्यांदाच ऐकली. मी डोकावले तर बाबांच्या हातात पाण्याचा तांब्या, काठी कुठंच नाही, आणि ते वाकून कुंडीला पाणी घालतायत. मी "बाबा" म्हणून ओरडत धावले. ते गर्रकन वळले, तांब्या सुटला, कठडा धरला म्हणून सावरले. मी वेळेवर पोचले म्हणून बरं. मी नसते तर काय झालं असतं, हा विचार दिवसभर पाठ सोडत नाही.

बाबा रागावले नाहीत. फरशी पुसताना मला म्हणाले, "तुझ्या आईनं मला आयुष्यात कधी खालून हाक मारली नाही." खरंय ते. त्यांच्या कामात तसा नियमच होता. वर माणूस असला की खालच्यानं दोर धरायचा आणि तोंड मिटायचं. साप दिसो की साहेब येवो, वरचा स्वतःहून हाक देईपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. आईनं तो नियम घरीही पाळला. बाबा माळ्यावर चढले की ती खाली मुकाट उभी असायची आणि आम्ही भांडू लागलो की डोळ्यांनीच दटावायची. दादा म्हणायचा, आईला गप्प करायचं असेल तर बाबांना शिडी आणून द्या.

आई आठवली की बरं वाटतं. पण आईचं बरं होतं, तिला गुडघ्यातलं काही कळत नव्हतं.

२० मार्च, शुक्रवार

आलेख बिघडतोय. सुधारणं सोडाच, पहिल्या आठवड्यापेक्षा वाईट. बाबांना आता दहा पावलंही सलग एका लयीत टाकता येत नाहीत. कुठं चुकतंय? औषधं वेळेवर, व्यायाम वेळेवर, मी क्षणभर नजर हटू देत नाही. न्हाणीघरात गेले तरी मी दाराबाहेर उभी असते. आज सकाळी विचारलं, "बाबा, आत आहात ना?" आतून आवाज आला, "नाही, जरा बाजारात आलोय."

विनोद करतात म्हणजे मन ठिकाणावर आहे. मग पाय का नाहीत?

दादानं फोनवर विचारलं, "काय म्हणतंय तुझं यंत्र, ठिणगे?" (लाइनमनच्या मुलीचं दुसरं काय नाव पडणार.) मी म्हटलं, थांब अजून. तो म्हणाला, जोडपं थांबायला तयार नाही, एक तारखेला सामान टाकायचं म्हणतंय. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं लागतं हे त्याला कळत नाही. जिन्याखाली पडलेले बाबा त्यानं पाहिले नाहीत. मी पाहिलेत.

२४ मार्च, मंगळवार

मास्तरांनी आज एक विचित्र सूचना केली. पुढच्या वेळी तुम्ही कॉरिडॉरमध्ये येऊच नका म्हणाले, चहा प्या कँटीनमध्ये. मी विचारलं, आणि ते पडले तर? ते म्हणाले, "मी आहे की. रोज चाळीस माणसं चालवतो मी." मी नको म्हटलं. चाळीसांतला एक असणं वेगळं आणि बाबा असणं वेगळं.

पण यंत्रच बिघडलं असेल ही शंका मला आधीपासून छळत होती, तिचा सोक्षमोक्ष लावला. दुसरा पट्टा माझ्याच गुडघ्याला बांधला आणि दोघं एकदमच चाललो, बाबा पुढे, मी नेहमीसारखी अर्धं पाऊल मागे. दोन्ही पट्टे व्यवस्थित चालू आहेत. यंत्रात दोष नाही, एवढं कळलं. माझ्या गुडघ्याचा आलेख काढत बसले नाही, तो कशाला बघायचा. बाबांचा काढला. आणखी विस्कटलेला.

रात्रीचं जेवण दोघांनाही गेलं नाही.

२७ मार्च, शुक्रवार

शेवटचं मोजमाप. मी सगळे आलेख भिंतीवर ओळीनं लावले आणि बाबांना खुर्ची दिली. पट्टा सैल होता तो सोडून बाकी सगळे. काही समजवायची गरजच पडली नाही. त्यांनी एकेक आलेख पाहिला, शेवटच्यापाशी जरा जास्त वेळ थांबले. म्हणाले, "मीटर खोटं बोलत नाही."

मी दादाला कळवलं, भाड्यानं दे. तो म्हणाला, बरं झालं, सुटलो एकदाचे. मलाही सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. आता ते जिना चढणार नाहीत, एकटे राहणार नाहीत, मला हवं होतं तेच झालं. तरी छातीवरचा दगड जागचा हलत नाही.

घरी आल्यावर बाबा खिडकीपाशी बसले. तिथूनच म्हणाले, "त्या घरातून माझी पक्कड आणि स्क्रू ड्रायव्हरचा डबा तेवढा आण. बाकी काही नको." मी म्हटलं, रविवारी आणते. त्यांनी मान हलवली. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडले. बाबा रडले नव्हते, रडले मीच.

२९ मार्च, रविवार

जमेल तसं लिहिते.

सकाळी घरीच बाबांच्या गुडघ्याला पट्टा बांधला. निकाल लागला तरी मोजायचं सोडवत नव्हतं, सवय. मग मी अंघोळीला गेले. बाहेर आले तर घर रिकामं. काठी कोपऱ्यात, चपला गायब. जिना, गल्ली, औषधाचं दुकान, बागेतला बाक, कुठंच नाहीत. दादाला फोन लावला आणि उचलायच्या आतच कापला, काय सांगणार होते त्याला? मग डोक्यात प्रकाश पडला. पक्कड.

त्यांच्या घराकडचा चढ मी ओल्या केसांनी पळत चढले. कोपरा वळले आणि दिसले. लोखंडी जिन्याच्या मध्यावर, पाठमोरे, एक हात कठड्याला, सावकाश वर चाललेले. दुकानाच्या दारात किल्लीवाले काका उभे होते, मान वर करून, गप्प. मला बघून त्यांनी तळहात पुढे केला, थांब म्हणून. मी थांबले नाही. मी जीव खाऊन ओरडले, "बाबा!"

त्यांचा पाय पायरीवरून निसटला. दोन्ही हातांनी कठडा धरून ते धपकन पायरीवर बसले. जिना वरपासून खालपर्यंत वाजला. मी आणि काका एकदमच वर धावलो. लागलं नव्हतं. पण चेहरा पांढराफटक, आणि मी त्यांच्याहून पांढरी असणार, कारण काकांनी पाणी आधी मला दिलं.

काका खाली गेल्यावर बाबा हळूच म्हणाले, "वर माणूस असताना हाक मारू नये गं."

मी त्यांचा हात धरून ठेवला. मग ते म्हणाले, "तिथे कॉरिडॉरमध्येही तसंच होतं बघ. माझ्यामागे तुझी चप्पल थबकते. ती थबकली की माझा पाय आपोआप थांबतो. वाटतं, पोरगी पडली की काय. मागे वळून बघावं तर तू म्हणतेस पुढे बघा."

"मग सांगितलं का नाही मला?"

"यंत्राला कळत असेल म्हटलं. तुम्ही शिकलेली माणसं."

टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच तसं वाटलं होतं.

३१ मार्च, मंगळवार

काल दिवसभर रविवारचं मोजमाप उघडायचा धीर झाला नाही. आज मास्तरांना शेजारी बसवून उघडलं.

माझ्या दारापासून त्यांच्या जिन्यापर्यंतची सगळी वाट त्यात आहे. कडी एकावर एक बसलेली. मध्ये एकदा ठिपका बाहेर गेलाय, बहुतेक चढावरचा तो उखडलेला दगड, आणि दोन पावलांत परत आलाय. जिना लागला तिथं कडी लहान झालीत, पण घट्ट आहेत. मग एका जागी ठिपका पार कागदाच्या कडेपर्यंत फेकला गेलाय आणि परत आलेलाच नाही. ती जागा कोणती, हे मला कुणी सांगायला नको होतं. ती माझी हाक.

मग चोवीस तारखेचं माझ्या गुडघ्याचं मोजमाप काढलं, जे बघायची मला गरज वाटली नव्हती. बाबांचं आणि माझं एकाखाली एक लावलं. दर वेळी आधी माझं कडं फाटतंय आणि क्षणभरानं त्यांचं. एकदाही उलट नाही. मी इतके दिवस समजत होते की ते डगमगतात म्हणून मी दचकते.

बाबांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं वारा किती आहे म्हणून. मी म्हटलं होतं बंद कॉरिडॉर आहे. दोन माणसं चालत होती आणि मी एकाचंच चित्र काढत होते. विद्यार्थ्यानं अशी चूक केली असती तर मी त्याला उभं केलं असतं. नऊ तारखेचा तो सुंदर आलेख मी स्वतःच्या हातानं बाजूला सारला, पट्टा सैल म्हणून. पट्टा व्यवस्थित होता, फक्त मी तिथे नव्हते. मास्तरांना विचारलं, तुम्हाला कळलं होतं? त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "तुम्ही ऐकलं नसतं." नसतंच ऐकलं.

दादाला फोन केला. तो उखडला. उद्या सामान येतंय, शब्द दिलाय, पोरखेळ लावलाय का तुम्ही. मी त्याला ओरडू दिलं. मग तो वेगळ्याच आवाजात म्हणाला, "पण ठिणगे, पडले तर?"

तेव्हा लक्षात आलं, भीती त्यालाही आहे, तो फक्त ती भाडेकरूंच्या नावानं बोलतो.

मी म्हटलं, "अडखळतील दादा. सगळेच अडखळतात. पण ते परत येतात, मी बघितलंय. आणि कधीतरी नाही येणार, तेव्हा तेही मला अडवता येणार नाही."

हे बोलताना माझी पाचावर धारण बसली होती. त्यानं भाडेकरूंना नकार कळवला.

५ एप्रिल, रविवार

बाबा आज घरी गेले.

चढावर मी बरोबरीनं चालले, मागे नाही. जिन्यापाशी पोचल्यावर त्यांनी माझ्या हातातली पिशवी मागितली, मी दिली नाही. मग म्हणाले, "तू खाली थांब. मी हाक मारली की ये." किल्लीवाले काका कानस बाजूला ठेवून माझ्याशेजारी येऊन उभे राहिले.

बाबा चढू लागले. पहिल्या काही पायऱ्यांनंतर शीळ सुरू झाली. मी कठडा धरला, लोखंड थरथरत होतं, दर पावलाला थोडं. मध्यावर, त्या दिवशीच्याच पायरीपाशी, शीळ थांबली. पावलंही थांबली. माझं तोंड उघडलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मीही त्यांच्याकडे नाही. घशात आलेला तो शब्द मी तसाच धरून ठेवला. माझ्या हातून आजवर इतकं अवघड काम झालेलं नाही. वरून बाबांच्या खोकल्याचा आवाज आला, मग एक पाऊल वाजलं, मग दुसरं. मग कुलूप उघडलं.

"ठिणगे," वरून हाक आली. "ये आता. जपून ये गं, तिसरी पायरी सैल आहे."

मी पिशवी घेऊन चढू लागले. वर कुठलीच हालचाल नव्हती, दार उघडल्याचा आवाज नाही, खिडकी नाही. मग लक्षात आलं की ते दारातच उभे आहेत आणि माझी पावलं ऐकतायत. मी घाई केली नाही. एकेक पायरी नीट वाजवत चढले, म्हणजे त्यांना ऐकू जावं.